निवाड्याचे आसन आणि न्यायकर्त्याचा जन्म

न्याय देणाऱ्याने स्वतःचा जन्म, जात आणि वर्ण न्यायासनाबाहेर ठेवावा, अशी अपेक्षा जगातल्या बहुतेक न्यायपरंपरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात व्यक्त केली आहे. आणि तरीही त्या आसनावर कोणत्या जन्माची माणसे बसू शकतात याचा रिवाज त्याच परंपरांनी मोठ्या काटेकोरपणे पाळला आहे. या विसंगतीतून उभा राहणारा प्रश्न केवळ नेमणुकांचा किंवा टक्केवारीचा नाही, तो मुळात धर्मचिंतनाचा आहे. निःपक्षपातीपणा म्हणजे जन्माच्या खुणा पुसल्या जाणे असेल, तर ज्यांच्या जन्माची खूण समाज क्षणभरही विसरत नाही त्यांनी न्यायासनावर बसायचे कसे? अमेरिकेत हा प्रश्न कृष्णवर्णीय न्यायाधीशांबद्दल विचारला गेला, महाराष्ट्रात तो दलित न्यायाधीशांबद्दल विचारला जातो, आणि मराठवाड्यात या दोन्ही इतिहासांचे धागे जवळजवळ एकाच रस्त्यावर सापडतात.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला छावणीच्या पलीकडे असलेले पडेगाव एकेकाळी स्वतंत्र खेडे होते आणि आज ते महानगराचा भाग आहे. तेथून पुढे जाणारा रस्ता दौलताबादला आणि पुढे खुलताबाद-वेरूळला पोहोचतो. खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. दौलताबादला १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्याच्या कारणावरून अडवण्यात आले होते. आणि पडेगावच्या पाठीमागे, शहराच्या बाजूला, लेण्यांच्या डोंगराच्या दिशेने गेले की नागसेनवन लागते, जिथे त्याच आंबेडकरांनी पुढे महाविद्यालय उभारले. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला एक राज्यकर्ता, पाण्याला स्पर्श करण्यास मनाई झालेला एक कायदेपंडित आणि त्या कायदेपंडिताच्या संस्थेच्या परिसरातून घडलेली न्यायाधीशांची पिढी, इतका ऐवज या एवढ्या टापूत असताना न्यायातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न बाहेरून आणलेला आहे, असे म्हणता येत नाही.

मलिक अंबर हा इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मला. हबशी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः त्या प्रदेशातून, हिंदुस्थानात आलेले लोक. त्यांनाच पुढे सिद्दी असेही म्हटले गेले. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी होता, त्याच्या पदरी राहिला. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला, आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, झाले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून हिणवत केला आहे, आणि दरबारी चित्रकार अबुल हसन याने तर बादशहा अंबरच्या तुटलेल्या शिरावर बाण सोडत आहे असे चित्र रंगवले, जे प्रत्यक्षात कधीच घडले नाही. उलट १६२६ मध्ये अंबर मरण पावल्यावर मोतमदखान या मोगल इतिहासकारानेच त्याच्या युद्धकौशल्याची, सारासार विचाराची आणि कारभाराची मुक्त कंठाने प्रशंसा केली आणि एखादा हबशी गुलाम इतक्या पदाला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, असे नोंदवले. शत्रूच्या एकाच दरबारात रंगाचा तिरस्कार आणि न्यायबुद्धीची कबुली अशा दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या, हे या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इस्लामी धर्मशास्त्राची भूमिका येथे थोडी वेगळी आहे. अकराव्या शतकातील बगदादचा शाफिई पंथाचा विधिज्ञ मावर्दी याने काझीच्या, म्हणजे शरियतीनुसार न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पात्रतेच्या ज्या अटी सांगितल्या त्यांत पुरुषत्व, सज्ञानता, इस्लाम, सदाचार आणि विद्या यांबरोबरच स्वातंत्र्य ही अट होती. रंगाची किंवा वंशाची अट नव्हती. प्रेषितांचा पहिला मुअज्जिन, म्हणजे नमाजाची हाक देणारा, बिलाल हा मुक्त झालेला हबशी गुलाम होता, ही स्मृतीही सर्व मुस्लिम समाजात आदराने जपलेली आहे. म्हणजे सिद्धांताच्या पातळीवर रंग ही अपात्रता नव्हती, गुलामगिरी ही होती. आणि गुलामगिरी व्यवहारात कोणाच्या वाट्याला येत होती हे पाहिले की त्या सिद्धांताची मर्यादाही दिसते. अंबरने ती अट ओलांडली, पण मोडली नाही. त्याच्या फौजेत विकत घेतलेले हबशी गुलाम होतेच. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचे, म्हणजे मक्तेदारांकडून होणारी वसुली बंद करून जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याच्या पद्धतीचे, मराठी इतिहासकारांनी योग्य कौतुक केले आहे. परंतु गावगाड्यातील वतने आणि त्यांतील उतरंड त्याच्या राज्यात जशीच्या तशी राहिली. वंचित जन्माचा एक माणूस सर्वोच्च पदावर पोहोचला म्हणजे वंचनेची रचना आपोआप ढासळते, असा समज ज्यांना असेल त्यांनी खडकीच्या संस्थापकाचे चरित्र नीट वाचावे.

गावगाड्यात न्याय कोण देत असे? दख्खनेत मध्ययुगात गावातील तंटे गोतसभेपुढे येत. गोतसभा म्हणजे पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, मिरासदार आणि बलुतेदार यांची मिळून बसलेली सभा, आणि तिच्या निवाड्याचा लेख म्हणजे महजर. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, इतर आपापल्या व्यवसायाची खूण उमटवत. शिवेचा, म्हणजे दोन गावांच्या हद्दीचा, वाद निघाला की महाराला बोलावले जाई, कारण शिवेची माहिती त्याच्याइतकी कोणालाच नसे; आणि त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याच्या स्पर्शाने गावाचे पाणी विटाळते असे मानले जाई, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती. ही विसंगती सामान्य नाही. समाजाने या माणसाचे ज्ञान मान्य केले होते, त्याचा सत्यनिष्ठपणाही मान्य केला होता, कारण खोटे बोलणाऱ्याच्या साक्षीवर कोणी शीव ठरवत नाही. नाकारला होता तो फक्त निर्णयाचा अधिकार. साक्षीदार म्हणून तो हवा होता, न्यायकर्ता म्हणून नको होता. दलितांच्या न्यायविषयक इतिहासाचे सार या एका भेदात आहे, आणि तो भेद ज्ञानाच्या किंवा चारित्र्याच्या कसोटीवर टिकत नसल्यामुळे त्याला आधार म्हणून धर्मशास्त्र पुढे करावे लागले.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने धर्मनिर्णय सांगण्यासाठी, वेळ पडल्यास, केवळ जातीने ब्राह्मण असलेल्यालाही नेमावे, पण शूद्राला कधीही नेमू नये, असा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्या राजाचे राज्य बुडते असा इशाराही आहे. या नियमाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. विद्या नसलेला ब्राह्मण चालतो, विद्या असलेला शूद्र चालत नाही. म्हणजे पात्रतेचा प्रश्न येथे निकालात काढलेला आहे आणि उरला आहे तो शुद्ध जन्म. मात्र धर्मशास्त्राची सारी परंपरा एकसुरी नाही. याज्ञवल्क्यस्मृती सभासदांकडून, म्हणजे राजाच्या न्यायसभेत बसणाऱ्यांकडून, विद्या, सत्यनिष्ठा आणि शत्रू-मित्रांविषयी समभाव यांची अपेक्षा करते, आणि कुल, श्रेणी, पूग अशा समूहांच्या स्वतःच्या न्यायसभांनाही मान्यता देते. दख्खनेतच, कल्याणीच्या चालुक्य राज्यात, मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने कात्यायनाच्या वचनाच्या आधारे न्यायसभेत काही व्यापाऱ्यांनाही बसवावे असे सांगितले आणि त्याचे कारण लोकरंजन, म्हणजे लोकांचे समाधान, असे दिले. न्यायसभेत कोण बसलेले दिसते यावर त्या सभेविषयीचा लोकांचा विश्वास अवलंबून असतो, हे तत्त्व म्हणजे आधुनिकांचा किंवा परकीयांचा शोध नव्हे. ते बाराव्या शतकाच्या सुमारास याच प्रदेशात लिहून ठेवलेले आहे. फक्त त्यातले लोक कोण, याची मर्यादा वाण्यांपर्यंत येऊन थांबली.

इंग्रजी अमलात हा प्रश्न उलट दिशेने पुढे आला, आणि त्या घटनेचे विस्मरण आजच्या चर्चेला फार महाग पडले आहे. १८८३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातील विधिसदस्य इल्बर्ट यांनी जे विधेयक मांडले त्याचा हेतू इतकाच होता की जिल्ह्यांच्या ठिकाणी काम करणाऱ्या हिंदी न्यायाधिकाऱ्यांना युरोपियन आरोपींचे खटले चालवता यावेत. हिंदुस्थानातील गोऱ्या समाजाने त्याविरुद्ध जे रान उठवले त्याचा मुख्य युक्तिवाद हा होता की काळ्या माणसाला गोऱ्याचे मन कळणार नाही, त्याच्या मनात द्वेष असणार, तो निःपक्षपाती राहूच शकणार नाही. शेवटी सरकारने माघार घेतली आणि निम्मे तरी ज्यूरी युरोपियन किंवा अमेरिकन असावेत अशी मागणी करण्याचा हक्क आरोपीला देऊन तडजोड केली. त्या वेळी पुण्या-मुंबईचे सुशिक्षित लोक जे उत्तर देत होते ते असे की गोऱ्या न्यायाधीशाला काळ्या फिर्यादीचे मन कळते असे गृहीत धरता, मग उलटे का नाही? पुढे मुंबई उच्च न्यायालयात नानाभाई हरिदास, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि महादेव गोविंद रानडे यांच्या नेमणुका झाल्या तेव्हा त्यांचे स्वागत केवळ तीन विद्वानांचा सन्मान म्हणून झाले नाही, तर एका वगळलेल्या समाजाला न्यायासनावर जागा मिळाली म्हणून झाले. प्रतिनिधित्वाचा युक्तिवाद मराठी समाजाने त्या वेळी पूर्ण गांभीर्याने केला आणि जिंकला. त्याच समाजातील वरच्या थरांनी पुढे दलितांनी तोच युक्तिवाद केल्यावर गुणवत्तेचा आणि निःपक्षपातीपणाचा मुद्दा काढावा, यात विस्मरणापेक्षा अधिक गंभीर काहीतरी आहे.

दरम्यान न्यायालयांना जातीकडे पाहायचेच नव्हते. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांना जातिविषयक प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली होती. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी घेता येईल की नाही यावरून सवर्णांनी केलेला दावा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहाच्या तोंडावर महाडच्या न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, तो पुढे उठला, आणि दहा वर्षे चाललेल्या या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने दिला. निकाल बरोबर होता. परंतु त्याचा आधार असा होता की अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही. ती रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य ठरली असती काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही. पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला जो प्रश्न सर्वांत आधी सुचतो तो कायद्याच्या भाषेत सर्वांत शेवटीही येत नाही, ही गोष्ट कोणा एका न्यायाधीशाच्या सद्भावाने दूर होणारी नव्हती.

चवदार तळ्याचा हा दावा चालू असतानाच, १९३४ मध्ये, वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघालेले डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी औरंगाबादकडे येताना दौलताबादला थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या बाहेरच्या भरलेल्या टाक्यावर काहींनी प्रवासाची धूळ धुण्यासाठी तोंड-पाय धुतले, आणि अस्पृश्यांनी टाके बाटवले म्हणून मुसलमानांचा जमाव जमला. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. हा प्रसंग आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या अंबरच्या वंशाला जहांगीरने रंगावरून हिणवले त्या अंबरच्या अमलाखाली हाच किल्ला होता. आणि तीन शतकांनंतर तेथे इस्लामने न शिकवलेली अस्पृश्यता मुसलमान पाळत होते. धर्मग्रंथातील समता आणि धर्मीयांच्या सवयी यांत जे अंतर पडते ते ग्रंथ वाचून भरत नाही.

या अनुभवानंतरही आंबेडकरांनी औरंगाबादचीच निवड केली. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू झाले, १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली, आणि पुढे महाविद्यालयाला मिलिंद व परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. ही नावे मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथातील आहेत, ज्यात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नावे शोभेची नाहीत. निःपक्षपातीपणाच्या प्रश्नावर या ग्रंथाला सांगण्यासारखे बरेच आहे. वादाला बसण्यापूर्वी नागसेन राजाला विचारतो की वाद पंडितांसारखा करायचा की राजांसारखा. पंडित वादात हरले तर रागावत नाहीत, चूक कबूल करतात, राजे मात्र विरुद्ध बोलणाऱ्याला दंड करतात. राजाने राजेपण बाजूला ठेवल्यावरच संवाद सुरू होतो. येथे जन्म पुसण्याची अट नाही; ग्रीक हा ग्रीकच राहतो, भिक्षू हा भिक्षूच. अट आहे ती सत्तेच्या जोरावर विरोधी मत गप्प न करण्याची.

त्याच संवादात रथाचा प्रसिद्ध दृष्टांत येतो: चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, तसा या साऱ्यांवाचून वेगळा रथही नाही. अनात्मवाद, म्हणजे व्यक्तीच्या आत न बदलणारे असे काही तत्त्व नाही ही बौद्ध भूमिका, या दृष्टांतातून मांडली जाते. ती न्यायाधीशाच्या जन्माला लावून पाहिली तर दोन टोकांच्या चुका एकदम उघड होतात. जन्म हेच न्यायकर्त्याचे सार आहे, शूद्र हा शूद्रपणानेच निवाडा करणार आणि ब्राह्मण ब्राह्मणपणाने, ही मनूची चूक. आणि आज कोणी दलित न्यायाधीशाकडून दलितांच्या बाजूचाच निकाल अपेक्षित धरत असेल तर तो नकळत मनूच्याच रांगेत उभा राहतो. पण जन्माचा न्यायकर्त्यावर काहीच परिणाम होत नाही, झगा चढवला की माणूस कोरा होतो, ही दुसरी चूकही तितकीच मोठी आहे, कारण अनात्मवादाबरोबरच प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांच्या साखळीतून घडते हा सिद्धांत, येतो. माणूस सार नसला तरी प्रवाह आहे, आणि त्या प्रवाहात पाणवठा, शाळेतील बसण्याची जागा, आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर होणारा बदल हे सारे मिसळलेले असते. ज्याला आडनाव विचारले गेल्यावर कधीच थांबावे लागले नाही त्याच्या प्रवाहातही ते न थांबणे मिसळलेले असते. फक्त त्याला ते दिसत नाही.

ही दुसरी गोष्ट न्यायालयीन निर्णयात सर्वांत स्पष्टपणे मांडली ती अमेरिकेतील न्यायाधीश लिऑन हिगिनबॉटम यांनी. १९७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात कृष्णवर्णीय कामगारांनी बांधकामयंत्रे चालवणाऱ्यांच्या एका संघटनेविरुद्ध वंशभेदाचा दावा आणला होता, आणि प्रतिवादींनी अर्ज दिला की हे न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेपुढे भाषण केले आहे, म्हणून त्यांनी हा खटला चालवू नये. हिगिनबॉटम यांनी अर्ज फेटाळताना जो तर्क दिला त्याचा आशय असा की कृष्णवर्णीय असणे हा पक्षपाताचा पुरावा मानला तर गौरवर्णीय असणेही तसाच पुरावा मानावे लागेल, आणि मग वंशभेदाचे खटले चालवायला या देशात न्यायाधीशच उरणार नाही. गौरवर्णीय न्यायाधीश आपापल्या समाजांच्या संस्थांत भाषणे करतात तेव्हा त्यांना कोणी हटकत नाही. आक्षेप निव्वळ वर्णावर नव्हता, आपल्या समाजाचा इतिहास जाणण्यावरही होता. इतिहास विसरलेला कृष्णवर्णीय कदाचित चालला असता. मराठवाड्यात नामांतराच्या लढ्याचा, म्हणजे १९७८ ते १९९४ या काळात विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्यासाठी झालेल्या चळवळीचा, इतिहास जाणणाऱ्या वकिलाला न्यायाधीशपदासाठी अयोग्य समजणारी कुजबूज जिथे होते तिथे हाच आक्षेप मराठीत बोलला जात असतो.

मराठवाड्याच्या न्यायालयीन इतिहासात २७ ऑगस्ट १९८१ ही तारीख महत्त्वाची आहे, कारण त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ सुरू झाले. तोवर १९४८ पर्यंत निजामाच्या, नंतर हैदराबाद राज्याच्या आणि १९५६ नंतर मुंबईच्या न्यायव्यवस्थेत हा प्रदेश नेहमी दूरच्या टोकाला राहिला होता. न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांची वाटचाल या खंडपीठाशी आणि नागसेनवनाशी जोडलेली आहे. त्यांचे आजोबा निपाणीचे बळवंतराव वराळे हे आंबेडकरांचे निकटचे सहकारी होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून औरंगाबादेत संस्थेच्या कामासाठी आले. नातू येथेच शिकला, १९८५ मध्ये वकील झाला, काही काळ आंबेडकर विधी महाविद्यालयात शिकवले, २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, २०२२ मध्ये कर्नाटकाचा मुख्य न्यायमूर्ती आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई त्याआधी, २०१९ मध्ये, तेथे पोहोचले होते. त्यांची शिफारस करताना न्यायवृंदाने, म्हणजे नेमणुका सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, सुमारे दशकानंतर अनुसूचित जातीचा न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात येत असल्याचे कारण उघडपणे नोंदवले. मे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले; के. जी. बालकृष्णन यांच्यानंतर या पदावर बसलेले ते दुसरे दलित आणि पहिले बौद्ध.

गवई यांचे उदाहरण रथाच्या दृष्टांताला पूरक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता देणाऱ्या सात न्यायमूर्तींच्या पीठावर असताना त्यांनी स्वतंत्र निकालपत्रात अनुसूचित जाती-जमातींमधील पुढारलेल्या थराला वगळण्याचा विचार सरकारांनी करावा असे मत मांडले, आणि त्यावर आंबेडकरी समाजातूनच तीव्र टीका झाली. टीका योग्य होती की अयोग्य हा वेगळा प्रश्न आहे. परंतु दलित न्यायाधीश हा दलितांचा वकील असतो या समजाचे इतके स्पष्ट खंडन दुसरे सापडणार नाही, आणि ज्या समाजाला एका न्यायाधीशाचे मत पटले नाही त्या समाजातले आणखी न्यायाधीश असावेत, म्हणजे त्याच समाजातील मतभेदही न्यायासनावर उमटतील, हाच यातून निघणारा निष्कर्ष आहे. एकट्या माणसावर संपूर्ण समाजाचे ओझे टाकणे हेही प्रतिनिधित्वाच्या अभावाचेच लक्षण आहे.

अभाव किती आहे हे सरकारने संसदेत दिलेल्या माहितीवरून कळते. २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत देशातील उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६०४ न्यायाधीशांपैकी ४५८ खुल्या प्रवर्गातील होते, ७२ इतर मागासवर्गातील, ३४ अल्पसंख्याक, १८ अनुसूचित जातींचे आणि ९ अनुसूचित जमातींचे. राज्यघटनेच्या २१७ व्या अनुच्छेदानुसार होणाऱ्या या नेमणुकांत आरक्षण नाही. या आकड्यांपुढे गुणवत्तेचे कारण देणाऱ्यांनी गोतसभेतील त्या साक्षीदाराकडे पुन्हा पाहावे. त्याच्याही बाबतीत ज्ञानाचा अभाव हे कारण नव्हते.

न्यायासनावरील उपस्थितीने काय बदलते याविषयी अतिशयोक्ती करण्याची गरज नाही. सप्टेंबर २००६ मधील खैरलांजीच्या, म्हणजे एका दलित कुटुंबाच्या, हत्याकांडात भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १९८९ मध्ये झालेला विशेष कायदा, लागू केला नाही. उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये जातीचा हेतू मान्य केला नाही. वेगळ्या जन्माचा न्यायाधीश असता तर निकाल वेगळा लागला असता असे म्हणण्याला कोणताही आधार नाही, आणि तसे म्हणणे म्हणजे पुन्हा जन्मालाच सार मानणे होय. म्हणता येते ते इतकेच: जातीचा हेतू सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा पुरेसा, शेतीच्या वादात जात कोठे संपते आणि सूड कोठे सुरू होतो, हे प्रश्न ज्या न्यायव्यवस्थेत अनेक प्रकारच्या जीवनप्रवाहांतून आलेल्या न्यायाधीशांनी एकमेकांसमोर बसून, नागसेनाच्या अर्थाने पंडितांसारखे, वर्षानुवर्षे तपासलेले असतात, त्या व्यवस्थेत कोणत्याही एका न्यायाधीशाची, मग तो कोणत्याही जातीचा असो, दृष्टी अधिक व्यापक होते. गौरवर्णीय न्यायाधीशांना हिगिनबॉटम यांच्यासारखे सहकारी लाभले याचा लाभ प्रथम त्या न्यायाधीशांनाच झाला.

म्हणून हा प्रश्न दिल्लीतल्या न्यायवृंदाच्या बैठकीत जितका सुटतो किंवा अडतो, तितकाच तो जिल्हा न्यायालयाच्या आवारात अडतो. उच्च न्यायालयात जाण्याचे दोन मार्ग आहेत, न्यायिक सेवा आणि वकिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक सेवेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि तिचे समर्थन करताना दिलेले कारण, म्हणजे न्यायाधीशाला न्यायालयाचा प्रत्यक्ष अनुभव हवा, चुकीचे नाही. पण पडेगावातल्या एखाद्या मजूर कुटुंबातील, घरात पहिल्यांदाच काळा कोट घातलेली मुलगी या तीन वर्षांत कोणाच्या हाताखाली काम करणार, त्या कामाचे तिला काही मिळणार की जाण्यायेण्याचा खर्चही घरातून करावा लागणार, आणि वरिष्ठ वकील तिला युक्तिवादाची संधी देणार की केवळ तारखा घ्यायला पाठवणार, याचे उत्तर त्या निकालात नाही. केरळ आणि तामिळनाडूत नवोदित वकिलांना काही वर्षे मासिक मानधन देण्याच्या योजना आहेत. महाराष्ट्रात वकील परिषदेने आणि राज्य सरकारने अशी योजना तातडीने आणली, सरकारी वकिलांच्या नेमणुकांत पहिल्या पिढीच्या वकिलांचा विचार केला आणि या नेमणुकांची जात-लिंगनिहाय माहिती दरवर्षी प्रसिद्ध केली, तर पुढच्या वीस वर्षांनी उच्च न्यायालयाच्या शिफारशींसाठी ज्या नावांतून निवड होईल ती यादी आजच्यापेक्षा वेगळी असेल.